जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

संगणक म्हातारा झाला म्हणजे त्याचे नेमके काय झाले, याची चौकशी न करताच त्याला निकालात काढण्याचा शिरस्ता आपल्याकडे पडून गेला आहे. गृहनिर्माण संस्थेच्या कचेरीतला, तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापणाऱ्या छापखान्यातला, किंवा मुलगा इंजिनियरिंगला गेला तेव्हा घेतलेला आणि यथावकाश वडिलांच्या वाट्याला आलेला, असा २०१२-१३ सालचा एखादा संगणक सुरू होण्यास चार-पाच मिनिटे घेऊ लागला, पडद्यावरचे वर्तुळ नुसतेच फिरत राहू लागले, आणि साधी फाइल उघडण्यासाठीही त्याची मनधरणी करावी लागली, की दुरुस्तीवाला ‘आता नवाच घ्या’ असा निकाल देतो आणि मालक तो निमूटपणे मान्य करतो. वस्तुतः धुळीने पंखा गुदमरून यंत्र तापत नसेल, तर त्याची गणनाशक्ती खरेदीच्या दिवशी होती तेवढीच आजही असते. सिलिकॉनच्या चिपा वयोमानाने मंदावत नाहीत. मंद असतो तो त्याच्या पोटातला एक भाग, आणि तोही काही आजच मंद झालेला नसतो; तो पहिल्यापासूनच मंद होता, फक्त त्याच्याकडून अपेक्षिले जाणारे काम मधल्या काळात कितीतरी पटींनी वाढले. हा भाग म्हणजे हार्ड डिस्क. तिला रजा देऊन तिच्या जागी एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, नेमणे हा जुन्या संगणकावर करता येण्याजोग्या सर्व उपचारांत अव्वल दर्जाचा उपचार आहे, असे माझे मत आहे. आणि ते मत कोणत्या मर्यादेपर्यंत खरे आहे, हेही सांगणे भाग आहे.

निकामी झालेली एखादी हार्ड डिस्क हाती आली तर तिचे झाकण उघडून आत अवश्य पाहावे. चालती मात्र उघडू नये, कारण हवेतला एखादा धूलिकणही तिचा निकाल लावण्यास पुरेसा होतो. तारकाकृती खाचेचे स्क्रू काढून झाकण बाजूला केले, की आरशासारखी लखलखीत एक किंवा दोन-तीन चकत्यांची चळत दिसते, आणि त्यांच्या कडेने आत शिरलेला एक निमुळता धातूचा हात दिसतो, ज्याच्या टोकाशी जेमतेम मिलिमीटरभर आकाराचे वाचक-शीर्ष बसवलेले असते. चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असता हे शीर्ष तिला स्पर्श न करता, केवळ काही नॅनोमीटर अंतरावरून, तिच्या वेगाने उत्पन्न झालेल्या हवेच्या थरावर तरंगत राहते आणि खालचे चुंबकीय ठसे वाचते. यंत्रविद्येतल्या या कौशल्याला दाद द्यावी तितकी थोडीच; परंतु कौशल्य कितीही अलौकिक असले तरी हाताला एका जागेहून दुसऱ्या जागी सरकावे लागते, आणि हवी ती जागा शीर्षाखाली येईपर्यंत चकती फिरण्याची वाट पाहावी लागते, यातून सुटका नाही. मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात आणि सरासरीने अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे ४.२ मिलिसेकंदांची, प्रतीक्षा घडते. हात सरकण्यासाठी आणखी आठ-नऊ मिलिसेकंद धरले, तर माहितीचा एक तुकडा हाती पडण्यास बारा-तेरा मिलिसेकंद जातात, आणि सेकंदाकाठी असे पाऊणशे-ऐंशी तुकडे गोळा झाले म्हणजे डिस्कने आपले कर्तव्य बजावले असे समजावे. लॅपटॉपमधल्या ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला एवढेही साधत नाही.

येथे थोडा इतिहास पाहणे उद्‌बोधक ठरेल. आयबीएमने १९५६ साली बाजारात आणलेल्या रॅमॅक या संगणकाला जोडलेल्या जगातल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकाच आसाभोवती फिरत. तिचे वजन टनाहून अधिक होते, तिच्यात आजच्या मापाने चार एमबीदेखील मावत नसत, आणि हवी ती नोंद सापडण्यास सुमारे ६०० मिलिसेकंद लागत. त्या दिवसापासून आपल्या टेबलावरच्या एक टीबीच्या डिस्कपर्यंत येईतो साठवणूक अडीच लाख पटींहून अधिक वाढली. पण शोधण्याचा वेग वाढला तो अवघा पन्नास पटींनी. कोठार अफाट झाले, कोठारातून जिन्नस आणून देण्याची तजवीज मात्र जवळपास होती तशीच राहिली. जुन्या संगणकाच्या मंदपणाची सारी कैफियत या एका विषम प्रमाणात सामावलेली आहे.

कोणी म्हणेल, की हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबी वाचते असे तिच्या माहितीपत्रकातच छापलेले असते, मग ही रड कशासाठी? छापलेले असते ते खोटे नाही. पण तो वेग एकाच जागी सलग लिहिलेली मोठी फाइल, उदाहरणार्थ एखादा चित्रपट, वाचतानाचा असतो. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. तेथे एकच कारकून नेमावा, आणि एका रुमालातले शंभर कागद न मागता शंभर निरनिराळ्या रुमालांतला एकेक कागद त्याच्याकडे मागावा, म्हणजे त्या बिचाऱ्याचा दिवस कागद उचलण्यात न जाता एका फडताळापासून दुसऱ्या फडताळापर्यंत चालण्यात जाईल. हार्ड डिस्कचीही हुबेहूब हीच स्थिती होते. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली डिस्कच्या नाना कोपऱ्यांतून गोळा कराव्या लागतात. त्याच वेळी अँटिव्हायरसला झडती घ्यायची असते, अपडेटला आपले घोडे पुढे दामटायचे असते, आणि आपणही अधीर होऊन ब्राउझरच्या चिन्हावर दोनदा-तीनदा टिचक्या मारून मागण्यांत भर घालतो. चार-चार केबीचे पाऊणशे तुकडे म्हणजे सेकंदाला पुरते अर्धा एमबीही नव्हे. माहितीपत्रकातले शंभर एमबी कोठे आणि हे कोठे!

तेव्हा पैसे खर्च करण्यापूर्वी आपल्या संगणकाचा खरा विकार कोणता, याची खातरजमा करून घ्यावी. तिला दमडीही लागत नाही. विंडोज ८ किंवा १० असलेल्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील सीपीयूचा आकडा दहा-वीस टक्क्यांवर रेंगाळत आहे आणि डिस्कचा रकाना मात्र १०० टक्क्यांवर जाऊन तेथेच ठाण मांडून बसला आहे, असे दृश्य दिसले तर निदान पक्के समजावे: मेंदू रिकामा बसून हाताची वाट पाहत आहे. मेमरीचा रकाना नव्वदीच्या पुढे असेल तर मात्र रॅमही अपुरी आहे, आणि रॅम अपुरी पडली की विंडोज तिची उणीव डिस्कवर जागा घेऊन भागवते, त्यामुळे मूळच्या दुखण्यात दुसरे दुखणे मिसळते. दोन-चार जीबी रॅमच्या संगणकाला एसएसडीबरोबरच आठ जीबीपर्यंत रॅम वाढवून दिली, तर दोन्ही उपाय एकमेकांना पूरक ठरतात. सीपीयूच शंभर टक्क्यांवर असेल तर एसएसडीकडून अपेक्षा ठेवू नये.

एसएसडीत फिरणारे, सरकणारे काहीच नसते. तिच्यातली फ्लॅश स्मृती ही जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांची देणगी. त्यांनी १९८४ साली तिचा पहिला प्रकार आणि १९८७ साली आज सर्वत्र वापरला जाणारा नँड हा प्रकार जगापुढे मांडला. अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युत्‌रोधक थराआड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे, आणि कोंडलेल्या भाराच्या प्रमाणावरून तेथे काय लिहिले आहे ते ओळखायचे, असे तिचे तत्त्व आहे. वीज गेली तरी इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत, आणि कोणताही कप्पा वाचण्यास लागणारा वेळ सारखाच, मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, असतो. आज सॅनडिस्क म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९९१ साली आयबीएमसाठी अशी २० एमबीची ड्राइव्ह तयार केली तेव्हा तिची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. आज २५० जीबीची ड्राइव्ह नव्या संगणकाच्या किमतीच्या अल्पांशात मिळते. ती बसवल्यावर दोन-चार मिनिटे घेणारा संगणक सामान्यतः अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतो, आणि ज्यांनी हा पालट प्रत्यक्ष पाहिला नाही त्यांना तो वर्णनाने पटवणे कठीण आहे.

जुन्या मदरबोर्डवरचे साटा जोडणीचे द्वार संथ असेल, या भीतीने पुष्कळजण माघार घेतात. ती भीती अनाठायी आहे. साटाच्या तिसऱ्या पिढीचे द्वार सेकंदाला ६०० एमबीपर्यंत आणि दुसऱ्या पिढीचे ३०० एमबीपर्यंत माहिती जाऊ देते. परंतु आपल्याला लाभ होतो तो मुख्यतः हजारो लहान तुकडे विनाविलंब मिळण्याचा, आणि त्यासाठी दुसऱ्या पिढीचे द्वारही पुरून उरते. याच कारणास्तव सेकंदाला तीन-साडेतीन हजार एमबी वाचणाऱ्या एनव्हीएमई ड्राइव्हच्या मोहात जुन्या संगणकाच्या मालकाने पडू नये. २०१२-१३ च्या बहुतेक यंत्रांना त्या ड्राइव्हवरून सुरू होताच येत नाही.

खरेदीसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठावी, की घरबसल्या मागवावे, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. पण बिल, शिक्का आणि तीन किंवा पाच वर्षांची हमी यांवाचून घेऊ नये. साध्या जुन्या संगणकास अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी लागते. लॅपटॉपमधली मूळ डिस्क साडेनऊ मिलिमीटरची असेल तर उरलेली फट भरून काढणारी प्लास्टिकची चौकट वापरावी. कवडीमोलाने आठ-सोळा टीबी देऊ करणाऱ्या जाहिराती सरळ लबाडीच्या असतात: खोक्यात एखादे हलके मेमरी कार्ड चिकटवलेले असते, संगणकाला ते आपली क्षमता खोटीच सांगते, आणि भरलेली माहिती काही काळाने नाहीशी झालेली आढळते. शंका आली तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने ड्राइव्ह काठोकाठ भरून आणि परत वाचून पाहावी.

फ्लॅश झिजते, ही तक्रार मात्र खरी आहे. लिहिण्या-पुसण्याच्या प्रत्येक वेळी तो विद्युत्‌रोधक थर यत्किंचित खराब होतो, म्हणून आतला नियंत्रक सर्व कप्प्यांवर कामाची समसमान वाटणी करत राहतो. पण झीज किती, हेही पाहावे. २४० जीबीच्या साध्या ड्राइव्हलाही सुमारे ८० टीबी लिखाणाची हमी दिलेली आढळते. रोज १० जीबी लिहिले, आणि घरगुती वापरात सहसा तेवढे लिहिले जात नाही, तरी वर्षाला साडेतीन-पावणेचार टीबी होतात, म्हणजे ही शिदोरी वीस वर्षांहून अधिक पुरेल. तोवर मदरबोर्डच राम म्हणेल. यापेक्षा खरा धोका निराळा आहे: हार्ड डिस्क मरण्यापूर्वी बहुधा खडखडते, अडखळते, पूर्वसूचना देते, एसएसडी पुष्कळदा एका क्षणात, काहीही न बोलता जाते, आणि ती गेल्यावर माहिती परत मिळवणे फार अवघड असते. भारनियमनाच्या गावी लिहिता लिहिता वीज तुटणे हे स्वस्त ड्राइव्हला मानवत नाही, सबब डेस्कटॉपला यूपीएस असावाच.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: जुन्या डिस्कवरचा संसार नव्या ड्राइव्हवर हलवायचा कसा? मार्ग दोन. विंडोज नव्याने टाकून फायली मागाहून नेणे हा स्वच्छ मार्ग, आणि घरगुती संगणकासाठी मी तोच सुचवीन, कारण दहा वर्षांचा केरकचरा त्यासरशी मागे राहतो. दुसरा मार्ग क्लोनिंगचा, म्हणजे जुन्या डिस्कची तंतोतंत प्रत उतरवण्याचा. आपल्या छापखान्यांना बहुधा तोच पत्करावा लागतो. महाराष्ट्रातील कित्येक डीटीपीवाल्यांचे सर्वस्व आजही पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टांवर उभे आहे. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. तिची मूळ सीडी कोणाकडे आहे, फॉन्ट कोणत्या मुलाने बसवून दिले होते आणि तो आता कोठे आहे, याचा पत्ता नसतो, आणि सगळे नव्याने बसवू गेल्यास दिवाळी अंकाच्या ऐन हंगामात जोडाक्षरे फुटून पानेच्या पाने दुरुस्त करावी लागतात. अशा ठिकाणी एसएसडी यूएसबी-साटा केबलने जोडावी, क्लोनझिला किंवा ड्राइव्हच्या कंपनीने दिलेल्या प्रोग्रामने प्रत उतरवावी, आणि प्रत चालू झाल्याची खात्री होईपर्यंत मूळ डिस्कला हात लावू नये. काही जुन्या प्रोग्रामांचा परवाना डिस्कच्या अनुक्रमांकाशी बांधलेला असतो, त्याची विचारणा अगोदर करावी. आणि स्रोत कोणता, गंतव्य कोणते, हे प्रोग्राम विचारतो तेव्हा दोनदा वाचून उत्तर द्यावे. रिकाम्या ड्राइव्हची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरवल्याचे दुःख निस्तरता येत नाही.

संगणकावर विंडोज एक्सपी असेल तर आणखी एक मेख आहे. एक्सपी डिस्कवरचा पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. आधुनिक ड्राइव्हची मोजणी चार केबीच्या पटीत चालत असल्यामुळे हा आरंभ तिच्याशी जुळत नाही, आणि एकेका लिखाणासाठी दोन-दोन जागा उलथ्यापालथ्या होतात. विंडोज व्हिस्टापासून हा दोष दूर झाला. प्रत उतरवणाऱ्या काही प्रोग्रामांत तो जुळवून घेण्याची सोय असते, ती वापरावी. शिवाय कोणते कप्पे आता रिकामे झाले आहेत हे ड्राइव्हला कळवणारी ट्रिम नावाची आज्ञा एक्सपीला माहीत नाही. ती विंडोज ७ पासून आली. तात्पर्य, एक्सपीवर एसएसडी चालते, पण खूश नसते.

बसवण्याचे काम त्यामानाने सोपे. वीज तोडून, लॅपटॉप असल्यास बॅटरी काढून, धातूच्या एखाद्या उघड्या भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवून टाकावी. साटाच्या दोन जोडण्या असतात, माहितीची सात पिनांची आणि विजेची पंधरा पिनांची. दोन्हींची खाच इंग्रजी एल अक्षरासारखी असल्यामुळे त्या उलट्या बसतच नाहीत, आणि बसत नसतील तर जोर करू नये, दिशा तपासावी. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ मांडणीत, साटाची पद्धत एएचसीआय असावी. मात्र जुनी विंडोज आयडीई पद्धतीने बसवलेली असेल तर ही अदलाबदल योग्य तयारीवाचून केल्यास निळा पडदा दिसतो, आणि अशा वेळी जाणकाराला दोनशे-तीनशे रुपये देणे श्रेयस्कर. पूर्वीच्या सवयीने डीफ्रॅग, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याचा उपचार, मात्र करू नये. चालणारा हातच नाही, तर कागद एका जागी आणून कोणाचे पाय वाचवायचे? झाली तर झीजच होईल.

एवढे सांगूनही एक गोष्ट उरतेच. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अशी अट घातली, तीत २०१२-१३ ची यंत्रे बसत नाहीत. हा निर्णय मला रास्त वाटत नाही, पण तो आहे. तेव्हा ज्या जुन्या संगणकावर बँकेचे व्यवहार किंवा संस्थेचा पत्रव्यवहार चालतो, त्यावर एसएसडीसोबत लिनक्स मिंटसारखी फुकट आणि सुरक्षिततेची अपडेटे नियमित मिळणारी प्रणाली टाकून पाहावी. ब्राउझर, पत्रलेखन आणि युनिकोड मराठी टंकलेखन यांची तीत उत्तम सोय आहे. छापखान्यातल्या पेजमेकरच्या यंत्राला मात्र इंटरनेटची तारच जोडू नये. आणि ज्या संगणकाला साटाचे द्वारच नाही, दोन जीबीपलीकडे रॅम घेण्याची ज्याची ऐपत नाही, त्याच्यावर हा खर्च करणे व्यर्थ आहे.

काढलेली जुनी हार्ड डिस्क लगोलग टाकू नये. महिना-दोन महिने ती जशीच्या तशी कपाटात ठेवावी. नवी ड्राइव्ह सुरळीत चालली तर जुनी डिस्क शेपाचशेच्या यूएसबी केसमध्ये घालून तिच्यावर घरच्या फोटोंची आणि हिशेबांची प्रत दर आठवड्याला घ्यावी, कारण वर्षानुवर्षे विजेविना पडून राहण्याच्या कामी फ्लॅशपेक्षा तीच अधिक भरवशाची आहे. द्यायचीच असेल तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नये. त्याने केवळ अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो. विंडोजमधले पूर्ण फॉरमॅट करावे, ज्याने साऱ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात, आणि मगच ती भंगारवाल्याकडे न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.